उन्हाचे डॉक्टर

तालुक्याच्या गावात डॉक्टरांचे किस्से साठतात कुठे, तर मेडिकलच्या बाकड्यावर! दवाखान्यात पेशंट बोलतो ते दुखण्याचं. खरं काय ते तो मेडिकलवाल्याला सांगतो, गोळ्या पिशवीत भरून घेता घेता. आमच्या शेवगावात माझ्या दवाखान्याच्या खालीच सुनीलचं मेडिकल आहे. संध्याकाळची ओपीडी आटोपली की मी खाली उतरतो, शेजारच्या लॅबमधून शैलाताई येतात, चहा येतो आणि दिवसभराचा माल बाहेर पडतो. इतकी वर्षं झाली, तरी तो काही संपत नाही.

गेल्या काही वर्षांतले आमचे निम्मे किस्से व्हिटॅमिन डीचे आहेत. आणि व्हिटॅमिन डीचा किस्सा म्हटला की त्यात डॉ. निमसे आलाच. हाडांचा डॉक्टर, माझ्याहून बराच लहान. रस्त्याच्या पलीकडे, बरोबर माझ्या खिडकीसमोर त्याचा दवाखाना. लोक त्याला 'उन्हाचे डॉक्टर' म्हणतात. मी एमडी मेडिसिन, या गावातला पहिला. मला लोक 'मोठे डॉक्टर' म्हणायचे. म्हणायचे, हं!

आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागून तुम्हाला वाटायला नको की मी काही लपवलं. मी त्याच्यावर जळतो. त्याच्या दारातल्या मोटरसायकली मी खिडकीतून बघतो आणि जळतो. मोटरसायकली लावायला जागा उरली नाही की त्याचे पेशंट माझ्या दारात गाड्या लावतात. तेव्हा तर विचारूच नका!

* * *

निमसे नवा नवा आला तेव्हाची गोष्ट. एक आबा त्याच्याकडे गुडघे दाखवायला गेले. ऐकायला जरा कमी. निमशानं तपासलं, रक्त तपासलं, डी फारच कमी निघालं. त्यानं औषध लिहून दिलं आणि वर मोठ्यानं सांगितलं, "आबा, सकाळचं ऊन खात जा!"

आठवड्यानं आबा माझ्याकडे. सोबत सून, तिचं तोंड फुगलेलं. आबांनी आ केला. टाळूला फोड, जिभेचं साल निघालेलं.

"हे कशानं झालं?"

"त्या नव्या डॉक्टरनं सांगितलंय, सकाळचं ऊन खायाचं. आजपातुर शिळी भाकर खात हुतो. आता तव्यावरची थेट तोंडात!"

सून म्हणाली, "डॉक्टर, तुमी मोठे हायेत. तुमी सांगा त्यास्नी, सकाळच्याला शिळं चालतं म्हनून. मला कापूस येचायला जायाला उशीर हुतोय वो!"

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! आबांना मलम दिलं, 'ऊन' म्हणजे सूर्याचं ऊन हे समजावून सांगितलं आणि ओपीडी संपायची वाटही न बघता खाली उतरलो. सुनीलला सांगितलं, शैलाताईंना सांगितलं, चहावाल्याला सांगितलं. लग्नात सांगितलं, दहाव्याला सांगितलं. म्हटलं, आता बघू हा कसा टिकतो!

महिन्याभरात काय झालं असेल? सगळ्या तालुक्याला कळलं की शेवगावात गुडघ्याचा नवा डॉक्टर आलाय. त्याच्या दारात रांग! सुनील म्हणाला, "डॉक्टरसाहेब, एवढी जाहिरात त्याला टेम्पोवर भोंगा लावूनसुद्धा करता आली नसती."

आबा तर उन्हात बसायला लागले आणि वर मला येऊन सांगून गेले, "गुडघा हलका झाला बगा. तोंड भाजलं ते भाजलं, पर मानूस गुनी हाय."

* * *

मग डी तपासायची साथच आली. शैलाताईंकडे एका घरातल्या दोन जावा सासूला घेऊन आल्या. दोघींची अंगदुखी, दोघींचं रक्त एकाच दिवशी घेतलं. धाकटीचं डी बरं निघालं. थोरलीचं तळाला.

थोरली काउंटरवर हात आपटून म्हणाली, "एकाच चुलीवरचं खातो आमी! तिचं जास्त आन माझं कमी, असं कसं?"

शैलाताई समजवायला गेल्या, की डी खाण्यातून थोडंच मिळतं, ते कातडीवर ऊन पडलं की तयार होतं. तिथेच चुकल्या. थोरली एकदम थांबली, तिनं सासूकडे वळून बघितलं आणि म्हणाली, "आत्ता कळलं! पापड-कुरड्या वाळवायला गच्चीवर हिला धाडायचं, आन मला आत चुलीपुढं बसवायचं! म्हंजी ऊनबी लाडक्या सुनेलाच व्हय?"

लॅबमध्ये अशी वादावादी झाली की रक्त द्यायला बसलेला एक जण दंडाला रबर बांधलेलाच बाहेर पळाला. शेवटी सासूनं तिथल्या तिथे तोडगा काढला. एक दिवस हिनं गच्चीवर जायचं, एक दिवस तिनं.

काही महिन्यांनी तिघी परत आल्या. दोघी सुनांचं छान वाढलेलं. सासू म्हणाली, आता माझंबी बघा. तिचं निघालं दोघींपेक्षा कमी! म्हातारी कपाळाला हात लावून म्हणाली, "समदं ऊन ह्या दोघींनीच खाल्लं!"

शैलाताई हे इतकं रंगवून सांगतात की मीही हसतो. पण त्या दोन्ही वेळा चिठ्ठी निमशाचीच होती, हे त्या शेवटी न चुकता जोडतात. ते जोडायची काही गरज आहे का?

* * *

कोरोनात तर कहर झाला. डीमुळे प्रतिकारशक्ती वाढते असं कुणाच्या तरी मोबाईलवर आलं आणि सुनीलकडच्या डीच्या पुड्या एका सकाळीत संपल्या. एक जण तर म्हणाला, "डी नसंल तर ई द्या, पुढचंच हाय ना!"

मी ठरवलं, आता लोकांना शास्त्र समजावायचं. रात्रंदिवस पेशंट बघत होतो, तरी वेळ काढला आणि गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भलामोठा मेसेज लिहिला. आपल्या पांढऱ्या पेशींना काम करायला डी लागतं, हे खरं. ज्यांचं डी कमी, त्यांचा आजार जास्त चिघळताना दिसतो, हेही खरं. पण म्हातारा माणूस, शुगरवाला माणूस, अंथरुणाला खिळलेला माणूस मुळातच उन्हात जात नाही. मग त्याचं डी कमी म्हणून तो जास्त आजारी, की जास्त आजारी म्हणून त्याचं डी कमी? ज्याचं खरंच कमी आहे त्याला द्यावं, त्याचा फायदा होतो. ज्याचं भरलेलं आहे त्याला आणखी पाजून काय होणार? आणि डी घेतलं म्हणून मास्क काढू नका. असं सगळं मुद्देसूद, स्वच्छ मराठीत.

त्याच संध्याकाळी निमशानं लिहिलं, "उन्हात बसा. फुकट आहे." बास, एवढंच!

त्याला नमस्कार, फुलं, टाळ्या, गुलाब, काय विचारू नका. माझ्या मेसेजला दिवसभरात एकच अंगठा आला. तोही निमशाचा!

शैलाताई म्हणाल्या, "डॉक्टर, तुमचं बरोबर होतं हो. पण तुमचं वाचून होईपर्यंत ऊन उतरलं असतं."

* * *

एकदा मात्र मला वाटलं, आता सापडला!

एक रिटायर गुरुजी माझ्याकडे आले. उलट्या, तहान, पोट साफ नाही, बोलण्यात गोंधळ. मी म्हटलं, शुगर असेल. शुगर नॉर्मल. शैलाताईंना कॅल्शियम बघायला सांगितलं, ते बेसुमार वाढलेलं. गुरुजींना विचारलं, घेता काय? त्यांनी पिशवीतून डीची पुडी काढली. आठवड्यातून एकदा दुधातून घ्यायची ती पुडी गुरुजी रोज घेत होते! चिठ्ठीवर 'आठवड्यातून एकदा' असं ठळक लिहिलेलं. निमशाची चूक नव्हती, पण तेवढ्यानं माझा आनंद कमी झाला नाही.

"गुरुजी, रोज का?"

"शेजारचे तात्या आठवड्याला एक घेतात. ते माझ्याआधी टेकडी चढायला लागले. मग मी म्हटलं, आपण रोज घेऊ!"

म्हणजे जळणारा मी एकटाच नाही, हे बघून बरं वाटलं. पण डी अंगात साठतं, त्याचा असा अतिरेक झाला की मूत्रपिंडं जाऊ शकतात. गुरुजींना ॲडमिट केलं, पुड्या बंद केल्या, सलाईनवर सलाईन चढवली. कितीतरी दिवस रोज कॅल्शियम बघत बसलो. गुरुजी ठणठणीत झाले. मी त्यांच्या खाटेशेजारी उभा राहिलो, मुद्दामच, नातेवाईक जमलेले असताना. म्हटलं, आता गुरुजी चार शब्द बोलतील.

गुरुजी बोलले. हात जोडून, डोळ्यांत पाणी आणून बोलले, "निमसे डॉक्टरांचं औषध भारी पावरफुल बुवा!"

* * *

शेवगावचंच सांगत बसलो म्हणून आमच्या घरातलंही सांगतो. माझ्या बायकोची मावशी राहात्याकडे असते. पेरूची बाग, दारात दोन संकरित गाई. मावशीला उठताना मांड्यांत जोर राहत नव्हता. मी स्वतः तपासलं, डी आणि कॅल्शियम दोन्ही दिलं. म्हटलं, घरात तरी निमशाचं नाव निघायला नको.

महिन्यानं बघायला गेलो तर मावशी चांगली चालत होती. मी खूश! तेवढ्यात सून आतून ओरडत आली, "भावजी, ह्यांना इचारा जरा! गाईच्या कॅल्शियमचा कॅन अर्धा कुनी संपवला?"

 मावशी पदर सावरत म्हणाली, "गाईला रोज सकाळी न चुकता आठवनीनं पाजती ही. मला गोळी द्यायची म्हनलं की इसरती. मग म्या म्हनलं, गाईबरुबर आपुनबी घ्यावं. निदान त्ये टायमाला तरी मिळतं."

 सून मान खाली घालून आत गेली आणि पाण्याचा तांब्या आणि गोळी घेऊन आली.

मावशीनं गोळी घेतली, तोंड पुसलं आणि मला हळूच म्हणाली, "चव चांगली हाय त्याची. गाय उगंच तोंड फिरवती."

मी तिला पुन्हा ते पिऊ नको म्हणून बजावलं. येताना गाडीत मी बायकोला म्हटलं, "बघ, गाईवर जळतात लोक!" ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "जळण्यातून डी तयार झालं असतं ना, तर तुमचं सगळ्या तालुक्यात जास्त निघालं असतं!"

* * *

आता शेवटचा. हा मी बाकड्यावर अजून सांगितलेला नाही.

गेल्या थंडीत निमसे खोकत होता. रस्त्यापलीकडून मला ऐकू यायचं. पेशंटच्या गर्दीत त्यानं अंगावर काढलं. एका दुपारी माझ्या केबिनचं दार उघडलं आणि तो स्वतः आत आला. धाप लागलेली, ओठ सुकलेले. पेशंटच्या स्टुलावर बसला आणि म्हणाला, "सर, जरा बघता का?"

उजव्या बाजूचा न्यूमोनिया होता, चांगलाच पसरलेला. ऑक्सिजन कमी. मी म्हटलं, "नगरला मोठ्या हॉस्पिटलात जा. गाडी बोलावतो."

"नाही सर. मला न्यूमोनिया झाला तर कुणाकडे जायचं, हे माझं आधीच ठरलेलं आहे."

हे त्यानं चार लोकांत म्हणायला हवं होतं! पण केबिनमध्ये आम्ही दोघंच.

ऑक्सिजन लावला, अँटिबायोटिक सुरू केलं. तपासण्या लिहायला घेतल्या तसा त्यानं माझा हात धरला. "सर, डी लिहू नका."

"का रे?"

"मागच्याच महिन्यात नगरला तपासलं, गुपचूप. सात आलं."

डी तिसाच्या वर असावं लागतं; मला ऐकू आलं ते खरं वाटेना. "सात? तुझं?"

"सकाळी सातला दवाखान्यात शिरतो, बाहेर येतो तेव्हा दिवे लागलेले असतात. दिवसभर लोकांना 'उन्हात बसा' म्हणून सांगतो सर. मला कुठलं ऊन!" मग खोकला आवरून म्हणाला, "पुडी सुरू केलीय. पण कुणाला सांगू नका. लोकांचा उन्हावरचा विश्वास उडेल."

उन्हावरचा की तुझ्यावरचा, असं माझ्या ओठांवर आलं होतं. मी तपासण्यांतून डी वगळलं.

संध्याकाळी खाली उतरलो. बाकड्यावर बसलो. सुनील, शैलाताई दोघंही निमशाची चौकशी करायला लागले. एक वाक्य! मी ते एक वाक्य तिथे टाकलं असतं, तर दिवस उजाडायच्या आत पार जामखेडपर्यंत पोचलं असतं. उन्हाच्या डॉक्टरचंच डी सात! माझ्या दारातल्या त्या मोटरसायकली, तो एकुलता एक अंगठा, गुरुजींचे जोडलेले हात, सगळ्याचं उट्टं निघालं असतं. जीभ अशी शिवशिवत होती की मी चहा गरम गरमच घशाखाली घातला आणि वर गेलो.

दुसऱ्या दिवशी त्याची तब्येत आणखी बिघडली. ऑक्सिजन वाढवावा लागला. अँटिबायोटिक बदललं, पालथं झोपवलं, फिजिओ बोलावला. मी घरी गेलो नाही, त्याच्या खाटेशेजारी खुर्ची टाकून बसलो. मला भीती वाटत होती, खरी भीती. एवढ्या वर्षांत त्याच्या वाइटावर टपून बसलो होतो, पण हे वाईट मला नको होतं. नाडी बघताना एकदा त्याला म्हटलं, "मरू नको हं. मरशील तर लोक मला पुरतं विसरतील." तो मास्कमधून हसला. हसल्यावर पुन्हा खोकला, म्हणून मी त्याला रागावलो.

बाहेर तर निराळाच प्रकार. निमसे माझ्याकडे आहे हे कळलं आणि त्याचे सगळे पेशंट माझ्या दवाखान्यात! जिन्यात, पायऱ्यांवर, रस्त्यावर माणसं. कित्येक वर्षांत माझ्या दवाखान्यात एवढी गर्दी झाली नव्हती. एक आजी एक्स-रे घेऊन थेट वॉर्डात शिरायला बघत होती, "त्यास्नी झोपल्या झोपल्या फक्त एकदा दाखवते!" मी तिला अडवलं. तर ती माझ्या कानाशी येऊन काळजीनं म्हणाली, "डॉक्टर, त्यास्नी बरं करायची लई घाई करू नका. तवर तुमचाबी दवाखाना चालतोय की!"

पुढे ताप उतरला. ऑक्सिजन निघाला. निमसे उठून बसला, वरणभात जेवला, भिंतीला धरून चालला. मी त्याच्या पुढच्या औषधांत डी लिहिलं, आठवड्यातून एकदा. आणि त्याला सांगितलं, "रोज दुपारी अर्धा तास ओपीडी बंद ठेवून गच्चीवर जायचं. मी खिडकीतून बघणार आहे." तो म्हणाला, "तुम्ही तसेही बघताच, सर."

घरी जायच्या दिवशी दारात ही गर्दी! हार, नारळ, कुणी पेढे आणलेले. निमसे मफलर गुंडाळून माझ्या मागे उभा राहिला. मीही नवा शर्ट घातला होता. म्हटलं, आज तरी.

गर्दीतून एक फेटेवाले पुढे आले. घोटण रस्त्याचे बागायतदार, चारचौघांत शब्दाला वजन असलेला माणूस. त्यांनी निमशाला हार घातला आणि मग माझ्याकडे वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "डॉक्टर, येक सांगा. एवढा न्यूमोनिया झाला, तर निमसे सायबांच्या अंगात डी किती हुतं?"

 निमसे आपल्या चपलांकडे बघायला लागला. सुनील मेडिकलच्या दारात आला होता, शैलाताई लॅबच्या.

मी म्हटलं, "भरपूर."

फेटेवाल्यांनी मांडीवर थाप मारली. "तरीच! आमी म्हनतच हुतो, तुमच्याकडं ॲडमिट हुन बी मानूस वाचला कसा!"